जुन्या पद्मिनीला बाजारातले नवे सुटे भाग बसवताना

वडिलांची १९७५ ची प्रीमियर पद्मिनी मी पहिल्यांदा दुरुस्त करून उभी केली, तेव्हा सगळा क्रम उलटा केला. आधी डेंटिंग, मग रंग, आणि रंग वाळल्यावर नवे रबर, नवी क्रोमपट्टी, नवे बिजागर. चारही दारांना नवं रबर लावलं आणि एकही दार लागेना. मिस्त्री म्हणाले, "जोरात लावा, दोन महिन्यांत रबर बसेल." आम्ही जोरात लावत राहिलो. दोन महिन्यांत रबर बसलं नाही. उलट मागच्या डाव्या दाराच्या कडेचा रंग नखाएवढा उडाला आणि तिथूनच पुढच्या पावसाळ्यात गंज धरला.

ते रबर दुकानात विकताना सांगितलं होतं, "थोडं बसवून घ्यावं लागेल." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. जुनी फियाट किंवा पद्मिनी उभी करणाऱ्या माणसाचा निम्मा वेळ या 'थोडं बसवून घेण्यात' जातो. ते नीट कसं करायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून गेल्या काही वर्षांत जे शिकलो ते इथे सविस्तर लिहितो आहे.

भाग असे का येतात

कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली. तिचंच नाव पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झालं. मूळ सांगाडा आणि १०८९ सीसीचं इंजिन थोड्याफार फरकाने तेच राहिलं. उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. त्यानंतरही सुटे भाग मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. टॅक्सीवाल्याला भाग स्वस्त हवा, आज हवा आणि गाडी संध्याकाळी रस्त्यावर हवी. दोन दारांमधली फट सारखी आहे का, हे बघायला त्याच्याकडे वेळ नव्हता. बाजारातला बराचसा माल त्या गरजेसाठी घडवलेला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली आणि तो मोठा ग्राहकही संपला. आता दुकानात जे येतं ते बहुतेक जुन्या साच्यांतून निघालेलं असतं, आणि साचा झिजला की पत्र्याची कड गोल होते, भोक सरकतं, वळण उथळ होतं.

हे समजून घेतलं की दुकानदारावर चिडणं कमी होतं. आणि एक गोष्ट स्पष्ट होते: भाग गाडीसारखा करायचा, गाडी भागासारखी करायची नाही. चुकीच्या रबरासाठी दार वाकवलं, चुकीच्या पत्र्यासाठी खांब कापला, तर पुढे बरोबर भाग मिळाला तरी तो बसणार नाही. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची, तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. सत्तरच्या दशकातल्या पद्मिनी आता एकेक करून त्या वयाला पोहोचत आहेत.

जुना भाग फेकू नका

सगळ्यात आधी हे. गंजलेला, फाटलेला, अर्धा तुटलेला का असेना, जुना भाग ठेवा. तुमच्याकडे कारखान्याचं ड्रॉइंग नाही. ते ड्रॉइंग म्हणजे हा जुना भाग. आमच्याकडे डेंटरने पहिल्याच दिवशी दाराखालचे जुने पत्रे भंगारात दिले आणि पुढचे तीन आठवडे आम्ही अंदाजाने काम केलं. आता मी गॅरेजमध्ये आधी एक लाकडी खोका नेऊन ठेवतो आणि सांगतो, निघेल ते यात टाका.

दुकानात जाताना जुना भाग सोबत न्या. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर, किंवा पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार, कुठेही गेलात तरी काउंटरवर नवा आणि जुना शेजारी शेजारी ठेवा. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी) खिशात असू द्या. मी पाच गोष्टी बघतो: भोकांमधलं अंतर, पत्र्याची जाडी, वळणाचा आकार (जुन्यावरून पुठ्ठ्याचा साचा कापून नेतो), आटे आणि वजन. वजन हातात घेतल्यावरच कळतं. ओतीव भाग जुन्यापेक्षा खूप हलका लागला तर भिंत पातळ आहे किंवा आत पोकळी आहे.

आट्यांबद्दल थोडं. इटालियन घराण्याच्या गाड्यांत दहा मिलिमीटरच्या बोल्टला बऱ्याच ठिकाणी १.२५ चा बारीक पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) असतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो १.५ चा. दोन आटे हाताने फिरतो, मग अडकतो, आणि मिस्त्री पाना लावून तो ओढतो. बोल्ट फिरतो खरा, पण ओतीव भागातले आटे कापून. पिच गेज शंभर-दोनशे रुपयांत मिळतं, ते घ्या. बोल्ट शेवटपर्यंत हाताने फिरला पाहिजे, पाना फक्त घट्ट करायला.

भाग खोक्यात 'पेटीबंद जुना माल' म्हणून मिळाला तर पत्रा, काच, क्रोम यांसाठी तो सोनं आहे. रबरासाठी नाही. तीस वर्षं खोक्यात पडलेलं ब्रेकचं रबरी वॉशर नव्या लोकल वॉशरपेक्षा धोकादायक असू शकतं.

रंगाच्या आधी सगळं एकदा बसवा

माझी मूळ चूक हीच होती. म्हणून आता गाडी प्रायमरवर असतानाच दारं, बोनेट, डिक्की, बंपर, दिवे, काचा, रबर, सगळं एकदा बसवून बघतो. मग पुन्हा काढतो आणि मग रंग. गॅरेजवाल्याला हे दुप्पट काम वाटतं, त्यामुळे सुरुवातीलाच बोलून घ्या आणि त्या मजुरीचे पैसे वेगळे धरा. इथे वाचवलेले पैसे रंगावर दुप्पट जातात.

क्रम असा ठेवा: आधी बिजागर, मग रबराशिवाय दार, मग दाराच्या कडेनुसार मडगार्ड, शेवटी बोनेट. बिजागरांच्या पिना झिजलेल्या असतील तर पुढचं सगळं मोजमाप खोटं ठरतं. दार अर्धं उघडून मागच्या कडेला धरून वर उचला. जराही खटका जाणवला तर आधी पिन आणि बुश (पिन ज्यात फिरते ती नळी) बदला.

पत्रा

नव्या पत्र्यावरचा काळा रंग बहुतेक वेळा वाहतुकीत गंज येऊ नये एवढ्यापुरताच असतो. थिनरमध्ये भिजवलेला कपडा घासा. रंग कपड्यावर उतरला तर तो सगळा काढून पत्रा उघडा करा आणि चांगला प्रायमर मारा. त्यावरच लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर दोन वर्षांत पोपडे येतात.

सगळ्यात जास्त त्रास दाराखालच्या सिलच्या पत्र्याने दिला, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही. बॉडीच सगळा भार घेते आणि सिल त्या बॉडीचा कणा आहे. जुना सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइपचे आडवे-तिरपे टेकू वेल्ड करा आणि गाडी सपाट जमिनीवर, चारही बाजूंनी सारख्या आधारावर घ्या. हे न करता कापलं तर चौकट काही मिलिमीटर दबते. मग दार कधीच नीट लागत नाही आणि दोष रबराला दिला जातो.

नवा सिल ग्रिप प्लायरने नुसता पकडून ठेवा आणि दार लटकवून बंद करा. वरून खालपर्यंत फट बघा. आमच्या सिलचं वळण मूळपेक्षा उथळ होतं, त्यामुळे दाराची खालची कड आणि सिल यांच्यात पुढे चार मिलिमीटर आणि मागे जवळपास नऊ मिलिमीटर फट होती. अशा वेळी बहुतेक ठिकाणी लांबीचा जाड थर भरतात. तो थर खडी उडाली की तडकतो. आम्ही काय केलं ते सांगतो. सिलच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर दर पाच-सहा सेंटिमीटरवर छोट्या चिरा मारल्या, पत्रा पुठ्ठ्याच्या साच्याला टेकेपर्यंत हाताने दाबून वळवला आणि चिरा वेल्डने बंद केल्या. मग चार ठिकाणी वेल्डचे फक्त छोटे टाके घातले, दार पुन्हा बंद करून बघितलं, एक टाका तोडून पुन्हा घातला आणि त्यानंतरच पूर्ण वेल्डिंग. वेल्डिंगही सलग नाही. इथे दोन सेंटिमीटर, मग दुसऱ्या टोकाला दोन, पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं. घाई केली की पत्रा लाटेसारखा फुगतो.

दोन गोष्टी बाजारच्या सिलमध्ये हमखास विसरलेल्या असतात. पाणी निघायची भोकं नसतात. जुना सिल शेजारी ठेवून ती नेमक्या जागी पाडा. आणि आतून काहीच संरक्षण नसतं. वेल्ड होणाऱ्या कडांना झिंक प्रायमर लावा आणि काम संपल्यावर आत मेण किंवा गंजरोधक तेल फवारा. कोकणात किंवा मुंबईत गाडी राहणार असेल तर यावर अजिबात काटकसर नको.

भोक सरकलेलं असेल तर ते चहूबाजूंनी मोठं करू नका. ज्या दिशेला सरकवायचं आहे त्याच दिशेला बारीक गोल कानशीने लांबट करा आणि रुंद वॉशर द्या. भोक सगळीकडून मोठं केलं तर भाग कुठेही हलतो. एकाच दिशेने केलं तर निदान एक माप पक्कं राहतं.

दाराचं रबर

आता ज्या रबराने हे सगळं सुरू झालं त्याच्याकडे येतो. दार लागत नाही तेव्हा प्रश्न दोनच असतात: रबर जास्त जाड आहे, किंवा जास्त कडक आहे. दोन्हींचा अंदाज रबर विकत घेण्याआधी लागतो.

फट मोजायला गणपतीच्या मूर्तीची शाडू माती वापरा. मळून सुपारीएवढ्या गोळ्या करा, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि रबर जिथे लागणार तिथे चौकटीवर दहा-बारा ठिकाणी चिकटपट्टीने लावा. दार कुलूप पूर्ण लागेपर्यंत हळू बंद करा, उघडा आणि प्रत्येक चपट्या गोळीची जाडी मोजून चौकटीवर खडूने लिहा. आमच्या मागच्या डाव्या दारात बिजागराकडे पाच मिलिमीटर आणि कुलपाकडे आठ मिलिमीटर आलं. म्हणजे दार समांतर नव्हतं. कोणतंही रबर लावलं असतं तरी बिजागराकडे ते चिरडलं असतं आणि कुलपाकडे पाणी आलं असतं. बिजागराखाली पातळ शिम (पत्र्याची पट्टी) घालून दोन्हीकडे सहा ते सात मिलिमीटर केलं, तेव्हा अर्धं काम झालं. रबराला दोष द्यायच्या आधी ही माती लावाच.

मग रबर. आतून पोकळ किंवा स्पंजचं असेल तर त्याची मोकळी जाडी फटीच्या साधारण दीडपट चालते. भरीव रबराला एवढी मुभा नाही. विकत घेताना हातभर तुकडा मागा. तो दुमडून अंगठ्याने दाबा. वळणावर बारीक रेषा उमटल्या तर घेऊ नका. हाताला काळं लागत असेल तर त्यात भर जास्त आणि रबर कमी आहे. मी तुकडा आठवडाभर गच्चीवर उन्हात ठेवतो. एप्रिलचं ऊन चांगलं रबर सहज सोसतं. वाईट रबर कडक होतं किंवा चिकट होतं.

चिकटवताना रबर ताणू नका. ताणून लावलेलं रबर महिन्याभरात मागे येतं आणि कोपऱ्यात फट पडते. उलट प्रत्येक हातभर लांबीमागे थोडं सैल, कोपऱ्याकडे ढकलत लावा. जोड खालच्या बाजूला, मध्यभागी घ्या. आधी फक्त काही ठिकाणी चिकटवा आणि कागदाची चाचणी करा: पट्टी दारात धरून दार बंद करा आणि ओढा. ती जराशा विरोधाने निघाली पाहिजे. सरकन निघाली तर तिथे पाणी येईल, फाटली तर तिथे रबर जास्त दबतंय. जिथे जास्त दबतं तिथे रबराला खडू चोळून दार लावा, ठसा बघा आणि रबराच्या मागची बाजू धारदार ब्लेडने पातळ करा. पुढची, दिसणारी बाजू कापू नका.

कुलपाचा स्ट्रायकर (चौकटीवरचा भाग, ज्यात कुलूप अडकतं) शेवटी हलवायचा, आणि तोही एका मिलिमीटरच्या आत. सगळीकडे पहिल्यांदा स्ट्रायकरच बाहेर ओढतात. दार लागतं, पण पत्रा बाहेर उभा दिसतो आणि वाऱ्याचा शिट्टीसारखा आवाज येतो.

समोरच्या काचेच्या रबराचं वेगळं. त्याचा घेर काचेपेक्षा एक-दोन सेंटिमीटर कमी असेल तर सरळ परत करा. ताणून बसवलं तर कोपऱ्यात काचेवर ताण येतो आणि एखाद्या थंड सकाळी काच तडकते. माप बरोबर असेल तर रबर काचेवर चढवा, उन्हात मऊ होऊ द्या, बाहेरच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवा, साबणाचं पाणी लावा आणि एकाने बाहेरून तळहाताने दाबत दुसऱ्याने आतून दोरी ओढा. दोन माणसं लागतातच.

किंगपिन

पुढच्या चाकांचे किंगपिन (ज्या उभ्या पिनेभोवती चाक डावी-उजवीकडे वळतं) आणि बुश हा सेट आजही मिळतो, आणि त्यात फसगत खूप आहे. पहिली परीक्षा कानशीची. पिनच्या अगदी टोकाला, जिथे बुश लागत नाही, कानशीची कड हलकी ओढा. पोलाद पाणी देऊन कडक केलेलं असेल तर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. ती रुतली, बारीक कीस निघाला, तर पिन मऊ आहे. ती वर्षभरात झिजेल, परत करा. दुसरी परीक्षा मापाची: पिनचा व्यास वर, मध्ये आणि खाली मोजा, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. मायक्रोमीटर नसेल तर लेथवाल्याकडून मोजून घ्या.

बुश प्रेसने बसवताना ग्रीसचं भोक स्टब ॲक्सलच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) भोकाशी जुळतं का ते बघा. आमच्या सेटमध्ये चारपैकी एका बुशचं भोक तीन मिलिमीटर सरकलेलं होतं. तसंच बसवलं असतं तर ग्रीसगनने कितीही दाबलं तरी ग्रीस आत गेलं नसतं, आणि महिनोन् महिने कुणाला कळलंही नसतं. बुश बसल्यावर ते आतून रीम करावं, म्हणजे रीमरने बारीक कापून नेमक्या मापाला आणावं लागतं. रीमर लांब हवा, म्हणजे वरचा आणि खालचा बुश एकाच रेषेत कापले जातात. छोटा रीमर एकेका बुशमध्ये वेगळा फिरवला तर दोन्ही भोकं बरोबर मापाची होतात, पण एकमेकांशी तिरकी. मग पिन ठोकून बसवावी लागते आणि स्टीअरिंग जड होतं. बरोबर बसलेली तेल लावलेली पिन तळहाताच्या दाबाने आत जाते आणि स्वतःच्या वजनाने खाली पडत नाही.

ब्रेक

वरच्या सगळ्या भागांत मी 'घडवून घ्या' म्हणतोय. ब्रेकमध्ये तसं म्हणणार नाही. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, होज पाइप यांत दोष दिसला तर तो भाग परत करायचा. नवा सिलिंडरही उघडा, स्पिरिटने पुसा आणि उन्हात धरून आत बघा. आतली भिंत आरशासारखी हवी. लेथच्या रेघा नखाला लागल्या तर त्या रेघा रबर कप कापणार. कपांना पेट्रोल, डिझेल किंवा साधं ग्रीस लागू देऊ नका, ते फुगतात. जोडताना ब्रेक ऑइलच लावा.

लायनर (ब्रेक शूवरचं घर्षणाचं अस्तर) मात्र घडवावं लागतं, कारण नव्या शूची गोलाई ड्रमशी क्वचित जुळते. ड्रमच्या आत खडू घासा, शू हाताने टेकवून थोडा फिरवा. पांढरा ठसा फक्त दोन टोकांवर किंवा फक्त मध्ये आला तर जिथे ठसा आला तिथे सँड पेपरने घासा, ठसा बऱ्याच भागावर पसरेपर्यंत. मास्क लावा आणि लायनर ओला करून घासा; जुन्या मालात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ फुंकू नका, झाडूने उडवू नका.

सगळं जोडून ब्रेकच्या पाइपांतली हवा काढल्यावर पेडल पूर्ण ताकदीने एक मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळती आहे. रात्री चारही चाकांखाली कोरे कागद ठेवा आणि सकाळी बघा.

बाकीचे भाग, थोडक्यात

हेड गॅस्केट बसवण्याआधी ब्लॉकवर ठेवून प्रत्येक भोक जुळवा, पाण्याचं आणि ऑइलचं विशेषतः. झाकलेलं भोक म्हणजे गरम इंजिन. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप) पातेल्यातल्या पाण्यात दोरीने लटकवून उकळा आणि तो उघडतो का, गार झाल्यावर पूर्ण मिटतो का ते बघा. वॉटर पंप बसवला की पंखा, डायनामो आणि क्रँकच्या पुलीवर सरळ पट्टी धरा. पंपाची पुली पुढे-मागे आली तर बेल्ट एका बाजूने झिजतो. मागून शिम किंवा लेथवर फेसिंग करून ती रेषेत आणता येते. सीबी पॉइंट आणि कंडेन्सर (ठिणगी पाडणाऱ्या इग्निशनचे भाग) नवे असतानाच बंद पडलेले मी तीनदा पाहिले आहेत, म्हणून चालू असलेला जुना जोड डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो. क्रोमच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: जुना बंपर सरळ करून पुन्हा निकेल-क्रोम करून घ्या. बाजारचा नवा बंपर पातळ असतो आणि त्याची टोकं मडगार्डशी कधीच समांतर येत नाहीत.

वही आणि पहिला पाऊस

प्रत्येक भागाची वहीत एक ओळ लिहा: कुठून घेतला, किती रुपयांना, काय घासलं, किती जाडीची शिम कुठे घातली. पुढच्या वेळी तोच भाग बदलताना ही ओळ तुमचे दोन दिवस वाचवते. पाचशे किलोमीटर झाले की बिजागर, बंपर आणि सस्पेन्शनचे बोल्ट पुन्हा तपासा. नवे बुश आणि रबर थोडे बसतात आणि बोल्ट सैल होतात.

आणि पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, पायाखालच्या चारही मॅट उचला. फ्लोअरच्या कोपऱ्यांत, सिलच्या आतल्या कडेला आणि समोरच्या काचेखाली बोटं फिरवा. जिथे ओल लागेल तिथे खडूने खूण करा आणि कागदाची पट्टी घेऊन त्याच दारापासून पुन्हा सुरू करा.